फुल सस्पेन्शन कार्बन माउंटन सायकल फ्रेम

फुल सस्पेन्शन कार्बन माउंटन सायकल फ्रेम हा डोंगराळ, खडकाळ आणि कच्च्या वाटांवर चालविण्याच्या सायकलीच्या सांगाड्याचा एक प्रकार आहे. या फ्रेमचा मुख्य भाग कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या संमिश्रापासून घडविलेला असतो. तिचा मागील भाग बिजागरीसारख्या सांध्यांवर हलतो आणि मागील चाकाला बसणारे धक्के शॉक ॲब्जॉर्बरकडे पोहोचवतो. पुढील चाकासाठी सस्पेन्शन फोर्क बसविलेला असल्याने दोन्ही चाके जमिनीच्या उंचसखलपणानुसार वरखाली होऊ शकतात. म्हणून या रचनेला 'फुल सस्पेन्शन' असे म्हणतात. ज्या सायकलीत केवळ पुढील चाकाला सस्पेन्शन असते, तिला 'हार्डटेल' म्हणतात.

पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या तुलनेत कार्बन फ्रेम वजनाने हलकी असते आणि तिचा प्रत्येक भाग हव्या त्या दिशेने ताठ किंवा लवचिक बनविता येतो. मात्र तिच्यातील बिघाड पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे अशा फ्रेमच्या बाबतीत नियमित तपासणी हा सुरक्षिततेचा भाग मानला जातो.

इतिहास

माउंटन सायकलिंगचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात झाला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून चालवीत. 'रिपॅक' या नावाने ओळखली जाणारी उतारशर्यत १९७६ मध्ये सुरू झाली. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या वापरासाठी पहिली फ्रेम तयार केली, तर गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी अशा सायकलींची विक्री सुरू केली. या सर्व फ्रेम पोलादी आणि सस्पेन्शनविरहित होत्या.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन स्वतंत्र प्रवाह एकत्र आले. पॉल टर्नर याने मोटारसायकलच्या धर्तीवर सायकलीसाठी सस्पेन्शन फोर्क विकसित केला आणि 'रॉकशॉक्स' ही कंपनी स्थापन केली. त्याच सुमारास 'केस्ट्रेल' ही कंपनी कार्बन तंतूंच्या फ्रेम बनवू लागली होती. केस्ट्रेलने १९८८ मध्ये सादर केलेली 'नायट्रो' ही प्रायोगिक सायकल कार्बन आणि दुहेरी सस्पेन्शन यांचा संयोग करणाऱ्या सर्वांत आरंभीच्या सायकलींपैकी एक मानली जाते. १९९० च्या दशकाच्या मध्यास 'ट्रेक' कंपनीने इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची कार्बन फ्रेम बाजारात आणली.

मागील सस्पेन्शनच्या सुरुवातीच्या रचनांत पॅडल मारताना सायकल खालीवर होत असे आणि चालकाची शक्ती वाया जाई. हॉर्स्ट लाइटनर याने चेनस्टेवर, मागील चाकाच्या आसाच्या पुढे, सांधा ठेवून ही अडचण बरीच कमी केली. ही रचना 'हॉर्स्ट लिंक' या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे पेटंट 'स्पेशलाइज्ड' कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतले. त्या पेटंटची मुदत २०१३ मध्ये संपल्यानंतर ही रचना इतर उत्पादकांनाही खुली झाली.

माउंटन सायकलिंगची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून 'क्रॉस कंट्री' या प्रकाराचा ऑलिंपिकमध्ये समावेश आहे. दीर्घकाळ या शर्यतीत हलक्या हार्डटेल सायकलींचे वर्चस्व होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावी याने आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये निनो शुर्टर याने फुल सस्पेन्शन कार्बन सायकलीवर सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर या फ्रेमचा स्पर्धांतील वापर सार्वत्रिक झाला.

रचना

फ्रेमचे दोन मुख्य भाग असतात. पुढील त्रिकोणात हेड ट्यूब, टॉप ट्यूब, डाउन ट्यूब, सीट ट्यूब आणि पॅडलचा आस जेथे बसतो तो बॉटम ब्रॅकेट यांचा समावेश होतो. मागील भागात चेनस्टे आणि सीटस्टे यांच्या जोड्या असतात. हे दोन्ही भाग सांध्यांनी आणि बहुधा ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या एका जोडपट्टीने एकमेकांशी जोडलेले असतात. प्रत्येक सांध्यात बंदिस्त बेअरिंग, ॲल्युमिनियमचा आस आणि तो जागी ठेवणारा बोल्ट असतो.

मागील सस्पेन्शनच्या प्रमुख रचना पुढीलप्रमाणे आहेत:

• एकसांधी रचना: मागील चाक एकाच सांध्याभोवती वर्तुळाकार मार्गाने हलते. देखभालीस ही रचना सर्वांत सोपी असते.
• चार दांड्यांची रचना: हॉर्स्ट लिंक हे तिचे परिचित उदाहरण आहे. ब्रेक लावला असतानाही सस्पेन्शन बऱ्यापैकी मोकळे राहते.
• दोन आखूड जोडपट्ट्यांची रचना: मागील त्रिकोण एकसंध असून तो दोन लहान पट्ट्यांवर तरंगतो. पॅडल मारताना होणारी हालचाल तिच्यात नेमकेपणाने नियंत्रित करता येते.
• लवचिक स्टेची रचना: मागील सांध्याऐवजी कार्बनचा स्टेच काही अंशांनी वाकतो. वजन वाचत असल्याने सुमारे १०० ते १२० मिलिमीटर हालचालीच्या शर्यती सायकलींत ती आढळते.

मागील चाकाची एकूण हालचाल आणि शॉकच्या दट्ट्याची हालचाल यांच्या भागाकाराला 'लिव्हरेज गुणोत्तर' म्हणतात. उदाहरणार्थ, चाक १५० मिलिमीटर हलत असेल आणि शॉक ५५ मिलिमीटर दबत असेल, तर हे गुणोत्तर सरासरी २.७३ येते. म्हणजेच शॉकवर येणारे बल चाकावरील बलाच्या सुमारे पावणेतीन पट असते. हे सर्व बल शॉकच्या दोन टोकांवरील जोडजागी एकवटते. त्यामुळे त्या ठिकाणी कार्बनचे थर अधिक जाड असतात.

साहित्य

सायकल फ्रेमसाठी वापरले जाणारे कार्बन तंतू मुख्यतः पॉलिॲक्रिलोनायट्राइल या बहुवारिकापासून तयार होतात. त्याचे धागे प्रथम २०० ते ३०० अंश सेल्सियस तापमानाला हवेत तापविले जातात आणि नंतर १,००० अंशांहून अधिक तापमानाला ऑक्सिजनविरहित भट्टीत त्यांचे कार्बनीकरण केले जाते. तयार तंतूचा व्यास ५ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे मानवी केसाच्या सुमारे एक दशांश असतो. प्रचलित 'टी ७००' प्रतीच्या तंतूची ताणशक्ती सुमारे ४,९०० मेगापास्कल आणि स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २३० गिगापास्कल असतो.

हे गुणधर्म केवळ तंतूच्या लांबीच्या दिशेने लागू होतात. आडव्या दिशेने आणि दोन थरांच्या मधील जागेत ताकद राळेवर अवलंबून असते आणि ती पुष्कळच कमी असते. म्हणून तंतूंचे थर ०, ४५ आणि ९० अशा निरनिराळ्या अंशांत रचले जातात. संमिश्राची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे १.६ ग्रॅम असते. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची सुमारे ७.८ ग्रॅम असते.

धातू आणि कार्बन यांच्यातील महत्त्वाचा फरक मोडण्याच्या पद्धतीत आहे. पोलाद मर्यादेपलीकडे ताण आल्यास आधी वाकते आणि त्यामुळे चालकाला धोक्याची सूचना मिळते. कार्बन संमिश्र जवळजवळ वाकत नाही. ते मर्यादेपर्यंत टिकते आणि त्यानंतर अचानक तुटू शकते.

निर्मिती

बहुतेक कार्बन फ्रेम तैवान, चीन आणि व्हिएतनाम येथील कारखान्यांत तयार होतात. यंत्रांचा वापर असला तरी थर रचण्याचे काम प्रामुख्याने हाताने केले जाते. निर्मितीचे टप्पे साधारणपणे असे असतात:

• कापणी: राळ आधीच मुरविलेले कार्बनचे ताव उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास साठविले जातात. वापरण्यापूर्वी ते सामान्य तापमानास आणून संगणकनियंत्रित यंत्राने शेकडो लहान तुकड्यांत कापले जातात.
• थररचना: ठरलेल्या क्रमाने आणि कोनात हे तुकडे फुगा किंवा फोमचा गाभा यांवर गुंडाळले जातात. एक तुकडा चुकीच्या कोनात बसला, तरी तयार फ्रेमच्या रूपात फरक दिसत नाही, पण ताकदीत पडतो.
• साचा व भाजणी: रचना पोलादी साच्यात बंद करून आतील फुग्यात हवेचा दाब दिला जातो आणि साचा साधारण १२० ते १५० अंशांपर्यंत तापविला जातो. दाबामुळे थरांमधील हवा व जादा राळ बाहेर पडते आणि उष्णतेने राळ कायमची कडक होते.
• जोडणी: स्वतंत्रपणे तयार केलेले भाग चिकटवून सांध्यांवर पुन्हा कार्बनचे थर दिले जातात.
• यंत्रकाम: बेअरिंगची घरे, शॉकच्या जोडजागा आणि बॉटम ब्रॅकेट यांची छिद्रे अचूक मापात केली जातात. येथे काही शतांश मिलिमीटरची चूकही बेअरिंग लवकर झिजण्यास पुरेशी ठरते.
• रंगकाम व तपासणी: घासणी, रंग आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून राळेचे रक्षण करणारा पारदर्शक लेप देऊन फ्रेम तपासली जाते.

सायकलींच्या सुरक्षिततेसाठी 'आयएसओ ४२१०' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार माउंटन सायकलीच्या फ्रेमवर पॅडलमार्गे १,२०० न्यूटन बल एक लाख वेळा दिले जाते. याशिवाय आडव्या व उभ्या बलाच्या आणि आघाताच्या चाचण्याही होतात. नामांकित कंपन्यांची हुबेहूब नक्कल असलेल्या बनावट फ्रेम अशा चाचण्यांतून गेलेल्या असण्याची खात्री नसते. थररचना बाहेरून दिसत नसल्याने रंग व अक्षरे पाहून अस्सल आणि बनावट यांतील भेद ओळखणे कठीण असते.

जुळणी

सुटी फ्रेम विकत घेऊन तिच्यावर इतर भाग बसविणे यास सायकलप्रेमींत 'बिल्ड' असे म्हणतात. या कामात मापांचा मेळ ही पहिली अडचण असते. हेड ट्यूबच्या वाट्या, सीट पोस्टचा व्यास, बॉटम ब्रॅकेटचा प्रकार, शॉकची लांबी व हालचाल आणि मागील आसाची रुंदी या बाबी फ्रेमनुसार बदलतात. आधुनिक फ्रेममध्ये मागील आस बहुधा १२ मिलिमीटर व्यासाचा आणि १४८ मिलिमीटर रुंदीचा असतो.

जुळणीत टॉर्क पाना अत्यावश्यक मानला जातो. सीट क्लॅम्प आणि हँडलच्या स्टेमचे बोल्ट साधारणपणे ४ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले जातात. १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे पाच किलोग्रॅम वजनाइतका जोर दिल्यास ५ न्यूटन-मीटर एवढे आवळबल निर्माण होते. पोलादी सायकलीच्या सवयीने दिलेला जोर याच्या कितीतरी पट असू शकतो आणि त्याने कार्बनची नळी चिरडते. सांध्यांच्या बोल्टचे आवळबल अधिक असते. ते प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

सीट पोस्ट कार्बनच्या नळीत बसविताना वंगणाऐवजी बारीक कण असलेली 'कार्बन पेस्ट' वापरतात. तिच्यामुळे कमी आवळबलातही पकड मिळते. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांचा थेट संपर्क होऊन त्यात ओलावा शिरल्यास विद्युतरासायनिक गंज सुरू होतो. तो टाळण्यासाठी उत्पादक दोहोंमध्ये काचतंतूचा थर देतात, तर जुळणी करणारे ॲल्युमिनियमच्या आसांना व बेअरिंगना ग्रीस लावतात.

चालक सायकलीवर बसल्यावर शॉक स्वतःच्या हालचालीच्या सुमारे २५ ते ३० टक्के दबावा, अशा बेताने त्यात हवा भरली जाते. ५५ मिलिमीटर हालचालीच्या शॉकसाठी ३० टक्के म्हणजे १६.५ मिलिमीटर होतात.

देखभाल

देखभालीचे वेळापत्रक वापर आणि हवामान यांवर ठरते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

• प्रत्येक फेरीनंतर: फ्रेम मऊ फडक्याने व साध्या पाण्याने स्वच्छ करून डाउन ट्यूबचा खालचा भाग, चेनस्टे आणि शॉकच्या जोडजागा पाहिल्या जातात. जोरदार दाबाच्या पाण्याचा फवारा बेअरिंगवर मारणे टाळले जाते, कारण त्याने ग्रीस निघून पाणी आत शिरते.
• दर महिन्याला: सर्व सांध्यांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासले जातात. सीट धरून मागील भाग उचलल्यास जाणवणारा सैलपणा हा झिजलेल्या बेअरिंगचा किंवा शॉकच्या झिजलेल्या बुशचा संकेत असतो.
• सुमारे ५० तासांच्या वापरानंतर: शॉकच्या हवेच्या कप्प्याचे सील स्वच्छ करून वंगण बदलले जाते. तेलासह संपूर्ण दुरुस्तीची मुदत उत्पादकानुसार साधारण १०० ते २०० तास असते.
• वर्षातून एकदा: शॉक काढून मागील भाग हाताने वरखाली फिरवून पाहतात. हालचाल खरखरीत वाटल्यास बेअरिंग बदलतात. बेअरिंग हातोड्याने ठोकून न बसविता दाबयंत्राने बसविले जाते. ठोकल्यास त्याचे कार्बनमधील घर फुटू शकते.

हानीची तपासणी व दुरुस्ती

रंगावरील प्रत्येक ओरखडा धोकादायक नसतो. मात्र तडा बोटाला किंवा नखाला अडकत असेल, रंगाखाली पांढरट डाग दिसत असेल, दाबल्यावर पृष्ठभाग आत जात असेल किंवा चालविताना नवा करकर आवाज येत असेल, तर सायकल न चालविता तपासणी केली जाते. प्राथमिक चाचणीत नाण्याने फ्रेमवर हलके टकटक करतात. निरोगी भागातून स्वच्छ, टणक आवाज येतो आणि थर सुटलेल्या भागातून बोदा आवाज येतो. नळीची जाडी जागोजागी बदलत असल्याने ही चाचणी निर्णायक मानली जात नाही. खात्रीसाठी स्वनातीत ध्वनिलहरींची किंवा उष्णताचित्रणाची मदत घेतली जाते.

कार्बन फ्रेम दुरुस्त करता येते. बाधित भाग घासून त्याच्या कडा दूरवर निमुळत्या केल्या जातात, मूळ थररचनेच्या दिशेने नवे थर बसविले जातात आणि निर्वात पिशवीच्या दाबाखाली राळ कडक केली जाते. नळीच्या मधल्या भागातील हानी तुलनेने सहज भरून निघते. सांधे, बेअरिंगची घरे, शॉकच्या जोडजागा आणि हेड ट्यूब यांजवळील हानी दुरुस्त करणे जोखमीचे असते. घासताना उडणारी कार्बनची धूळ त्वचेला व श्वसनमार्गाला त्रासदायक असल्याने या कामात योग्य मुखवटा, चष्मा आणि हातमोजे वापरले जातात.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात सायकलींची परंपरा जुनी आहे. पुणे हे दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे आणि मुंबई–पुणे सायकल शर्यत १९४५ पासूनची आहे. माउंटन सायकलिंगमध्ये भारताने अलीकडे आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद भूषविले असून २०२३ ची आशियाई माउंटन सायकल अजिंक्यपद स्पर्धा केरळमधील पोन्मुडी येथे झाली.

कार्बन फ्रेमची देखभाल सह्याद्रीत आणि विदर्भात सारखी नसते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अतिवृष्टी आणि बेसाल्टचे धारदार दगड ही मुख्य आव्हाने आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हा परिसर दुसऱ्या प्रकारच्या परिस्थितीचे उदाहरण आहे. हा भाग पैनगंगा नदीच्या खोऱ्यात असून येथे कापसाची काळी माती आणि सागाची शुष्क पानझडी वने आहेत.

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात. पावसाळ्यात ही माती टायरला थरांवर थर चिकटते आणि टायर व चेनस्टे यांमधील काही मिलिमीटरची जागा भरून टाकते. चाक फिरत राहिल्यास त्यातील वाळू व खडे कानशीसारखे काम करून रंग आणि त्याखालील तंतू घासून काढतात. म्हणून अशा भूभागात चेनस्टेच्या आतील बाजूस संरक्षक पट्टी लावली जाते आणि चिखल साचताच थांबून तो काडीने काढला जातो. उन्हाळ्यात त्याच मातीचा बारीक फुफाटा बेअरिंगच्या व शॉकच्या सीलपाशी साचतो. बाभळीचे आणि गोखरूचे काटे सर्वत्र असल्याने ट्यूबविरहित टायर व त्यांतील द्रवरूप सीलंट उपयोगी ठरते.

उष्णतेचा परिणाम दोन प्रकारे होतो. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. २५ अंशांना १८० पीएसआय दाब भरलेल्या शॉकमध्ये तापमान ४५ अंश होताच दाब सुमारे १३ पीएसआयने वाढतो आणि सस्पेन्शन कडक लागते. दुसरा परिणाम दुरुस्त केलेल्या फ्रेमवर होतो. कारखान्यातील राळ उष्णतेने भाजलेली असल्याने ऊन सहन करते. सामान्य तापमानाला कडक केलेली दुरुस्तीची राळ मात्र बऱ्याचदा ५० ते ७० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते. उन्हात ठेवलेल्या काळ्या फ्रेमचा पृष्ठभाग किंवा बंद मोटारीचा अंतर्भाग ६० अंशांवर जाऊ शकतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर राळ पुन्हा नियंत्रित उष्णतेने भाजून घेणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

लहान गावांतील सायकल दुकानांत पोलादी सायकलींची दुरुस्ती कुशलतेने होते. वाकलेला पोलादी सांगाडा सरळ करणे किंवा तुटलेली नळी वेल्डिंगने जोडणे ही कामे तेथे परिचित आहेत. कार्बनला वेल्डिंग करता येत नाही आणि तो ठोकून सरळही करता येत नाही. ॲल्युमिनियमची फ्रेमही वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णताप्रक्रिया केल्याशिवाय मूळ ताकद मिळवीत नाही. त्यामुळे मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या चालकांच्या दृष्टीने सुटे बेअरिंग, मागील गिअरचा हँगर, शॉकचा पंप आणि टॉर्क पाना स्वतःजवळ असणे उपयुक्त ठरते. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक प्रमाणित असतो. उदाहरणार्थ, ६९०२ क्रमांकाच्या बेअरिंगचे आतील माप १५, बाहेरील २८ आणि जाडी ७ मिलिमीटर असते. त्यामुळे तेच माप सायकलीखेरीज इतर यंत्रांच्या बेअरिंग विक्रेत्यांकडेही मिळू शकते.

याच परिसरात पैनगंगा अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्रवेश नियंत्रित असून तेथील वाटांवर सायकल चालविण्यासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते.

आयुर्मान व पर्यावरण

योग्य थररचना असलेल्या आणि आघात न झालेल्या कार्बन फ्रेमला धातूसारखा थकवा सहज येत नाही. तिचे आयुष्य बहुधा अपघात, घर्षण किंवा सुट्या भागांची अनुपलब्धता यांमुळे संपते. जुनी फ्रेम विकत घेताना तिच्या अपघातांचा पूर्वेतिहास, मागील भागाचा सैलपणा आणि जोडपट्टी व बेअरिंग अद्याप मिळतात की नाही, या तीन बाबी पाहिल्या जातात.

पोलाद आणि ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येतात. कार्बन संमिश्रातील कडक झालेली राळ वितळत नाही. ऑक्सिजनविरहित उष्णतेने राळ जाळून तंतू वेगळे काढण्याची पद्धत उपलब्ध आहे, परंतु मिळणारे तंतू आखूड असल्याने ते पुन्हा फ्रेमच्या मुख्य भागासाठी सहसा वापरले जात नाहीत. या कारणाने नवी फ्रेम घेण्याऐवजी हानी वेळीच ओळखून दुरुस्ती करणे हा पर्याय खर्चाच्या आणि पर्यावरणाच्या दृष्टीनेही श्रेयस्कर मानला जातो.